इनासकाकांचे पाहुणे

वसईच्या जुन्या बाजारातल्या पोस्टात मी नऊ वर्षं खिडकीवर बसले. खिडकीच्या बरोबर समोर 'इनास सायकल मार्ट'. म्हणजे नऊ वर्षं, रविवार आणि सणवार सोडून, रोज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मी इनासकाकांचं तोंड बघितलं. नवऱ्याचंही मी एवढं सलग बघितलेलं नाही. त्यामुळे या माणसाबद्दल बोलायचा अधिकार मला आहे असं मी समजते. त्यांना मूर्ख म्हणायचा अधिकारही माझाच, दुसऱ्या कोणाचा नाही.

पहिल्या दिवशीची गोष्ट. विरारच्या मनवेलपाड्यातनं निघून, बदलीचा कागद पर्समध्ये सांभाळत, मी एसटीतून उतरले आणि समोर पंक्चर काढत बसलेल्या माणसाला विचारलं, पोस्ट कुठे आहे? काळासावळा, पन्नाशी उलटलेला, चेक्सचा लेंगा आणि पांढरा शर्ट. त्याने मान वर केली आणि उत्तराऐवजी प्रश्न केला.

"कुठून आलात, बाय?"

"विरारहून."

"तसं नाय. मूळ?"

"कणकवली."

"किल्ला बघितला?"

मी म्हटलं, मला पोस्टात हजर व्हायचंय. तर म्हणे, "पोस्ट काय पलून जात नाय. किल्ला आदी."

पुढचं माझं मलाच खरं वाटत नाही. तासाभराने मी किल्ल्यातल्या एका पडक्या चर्चमध्ये उभी होते, आणि हा माणूस हातातला सायकलचा पंप बोटासारखा वर रोखत मला सांगत होता की इथे एकेकाळी सातशे पाद्री राहायचे. आकडा दर वेळी बदलायचा हे मला पुढे कळलं. मी दोन तास उशिरा हजर झाले. नोकरीच्या पहिल्या दिवशी! पोस्टमास्तर चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, "इनासने पकडलं का?" आणि मस्टर पुढे सरकवलं. पोस्टात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला दिवस असाच जातो, ते धरूनच चाललेले असत.

इनासकाका पाचूबंदरचे. बापजादे कोळी, दारात होडी. आणि हे पठ्ठे होडीत पाय ठेवला की ओकत. बापाने तीन वेळा समुद्रावर नेलं, तिन्ही वेळा अर्ध्यातून परत आणावं लागलं. तिसऱ्यांदा किनाऱ्यावर उतरवून बाप म्हणाला म्हणे, "जा, जमिनीवरचं कायतरी बघ." यांनी सायकली बघितल्या. तासाच्या भाड्याने चौदा सायकली, पंक्चरची घमेली, भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्या शेजारी किल्ल्याचा एक रंग उडालेला फोटो. मेणबत्ती दोघांमध्ये मिळून एकच.

किल्ल्याच्या इतिहासात त्यांनी स्वतःची सोय करून ठेवली होती. स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे तटापर्यंत पोर्तुगीज 'आपले', आणि तटावर मराठे चढायला लागले की मराठे 'आपले'. सुरुंग उडाला तेव्हा नक्की कोणत्या बाजूला उभे होतात, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "आमी मासली विकत होतो. दोन्ही बाजूंना."

त्या काळात जुना बाजार बसत चालला होता. सगळं स्टेशनकडे सरकलं होतं. बिल्डिंगी तिथे, बँका तिथे, साड्यांची काचेची दुकानं तिथे. पूर्वी लग्नाचा बस्ता बांधायला अख्खी पंचक्रोशी इथे यायची. आता शेजारच्या वाडीतली बाईसुद्धा रिक्षा करून स्टेशनला जायची आणि येताना आमच्या बाजारातून मान फिरवून जायची. दुपारी एक वाजता रस्त्यावर फक्त कुत्री आणि पोस्टमन. इनासकाकांच्या चौदा सायकलींपैकी अकरा भिंतीला टेकून असत आणि ते रोज त्या अकराही पुसत.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "वसईला काय कमी हाय? येनारा कमी हाय." सकाळी दुकान उघडताना म्हणत, चहा पिताना म्हणत, आमच्या पोस्टमास्तरांच्या निवृत्तीला केलेल्या भाषणातही म्हटलं. त्यांचं म्हणणं असं, की बाजार जगवायचा तर बाहेरची माणसं आणली पाहिजेत. एवढा किल्ला आहे, बंदर आहे, वाड्या आहेत. मुंबईची माणसं सुट्टीला कुठे कुठे तडफडतात, इथे का येत नाहीत? तर त्यांना कोणी बोलावलेलंच नाही. बोलावलं की येतील, आले की सायकली घेतील, किल्ला बघून भूक लागली की बाजारात जेवतील, जाताना काहीतरी विकत घेतील. पुढे मोठमोठ्या पगाराच्या लोकांनी अहवाल लिहून हेच सांगितलं असेल. इनासकाकांनी फुकट सांगितलं म्हणून कोणी ऐकलं नाही.

हे सगळं बोलण्यावारीच गेलं असतं, पण त्यांचा मुलगा विन्सेंट आखातातून सुट्टीवर आला. त्याच्याबरोबर एक बिल्डरचा माणूस. दुकानाची जागा आणि मागचं परसू मिळून तीन मजली इमारत सहज उभी राहत होती. विन्सेंट वाईट मुलगा नव्हता. बापाचं वय होत चाललंय, दुकानात राम राहिलेला नाही, हे कोणालाही दिसत होतं. माझ्या खिडकीपर्यंत त्यांचा आवाज येत होता. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या नाताळापर्यंत मुदत. तोपर्यंत बाजारात बाहेरची माणसं यायला लागली आणि सायकली फिरायला लागल्या, तर दुकान राहील. नाही तर बिल्डर. इनासकाकांनी मुलाच्या हातावर हात मारला आणि तसेच उठून रस्ता ओलांडून माझ्या खिडकीवर आले.

"बाय, पोस्टकार्ड द्या."

"किती?"

"हायेत तेवडी."

त्यांचं मराठी वाचन चांगलं, लिहिणं अगदीच बेताचं. त्यामुळे वसईचं पर्यटन खातं माझ्या हस्ताक्षरात सुरू झालं. दुपारच्या सुट्टीत ते सांगायचे, मी लिहायची. मुंबईतल्या शाळा, बँका, गिरण्यांची कामगार मंडळं, भजनी मंडळं, टेलिफोनच्या जाड डिरेक्टरीतून पत्ते काढून. मजकूर त्यांचा: "आमच्याकडे किल्ला आहे. समुद्र आहे. सायकली तयार आहेत. रविवारी या. जेवूनच जा."

मी म्हटलं, काका, हे शेवटचं काढा. आपल्याला धंदा करायचाय. तुम्ही लग्नाचं आमंत्रण देताय.

"बाय, बोलवायचं आनि जेवन बोलायचं नाय? लोक काय म्हंतील, वसईला भिकारी राहतात?"

मी दोन कार्डांवर ते वाक्य गाळलं. त्यांनी वाचून बघितलं आणि दोन्ही कार्डं परत केली. असं हे धोरण.

जेवणाची सोय मात्र त्यांनी रीतसर केली होती. बाजारात रघुनानांची खानावळ होती, इनासकाकांचे जुने दोस्त. तीही सायकलींसारखीच भिंतीला टेकलेली. रघुनाना देवगडकडचे, बोलायला तिखट. पण हाताला चव अशी की माझ्यासारख्या कणकवलीच्या बाईलाही नाव ठेवता येईना. ठरलं असं, की किल्ला बघून झाला की सगळे रघुनानांकडे पंगतीला. पैसे माणशी ठरवलेले, पाटी रंगवून लावलेली. नंदाखाल गावची एक बाई बाजारात सुकेळी विकायची, वाळवलेल्या केळ्यांच्या केळीच्याच सोपटात बांधलेल्या पुड्या. तिला सांगून ठेवलं, माल जास्त आण. बाजार कामाला लागला. मला खरंच वाटायला लागलं की जमेल.

आणि माणसं आली! एका बँकेतले बारा जण, खांद्याला पिशव्या, डोक्याला टोप्या. रविवार असूनही मी विरारहून मुद्दाम आले, कारण पोस्टकार्डं माझ्या हातची होती. इनासकाका इस्त्रीचा शर्ट घालून एसटी स्टँडवर उभे. बारा सायकली तेल देऊन तयार. रघुनाना पहाटेपासून भट्टीपाशी.

किल्ला झाला. पाद्री त्या दिवशी अकराशे होते. मग पाहुणे म्हणाले, समुद्र बघू. पाचूबंदरावर बायका बोंबील वाळत घालत होत्या. बारा टोपीवाले सायकली घेऊन उभे बघितल्यावर त्यांच्यातली एक ओरडली, "इनास, कोन ही?" हे म्हणाले, "पाहुने. मुंबईचे. बोलावलेत मी."

झालं. पाचूबंदरची रीत अशी, की गावाने बोलावलेला पाहुणा गावातल्या घरात जेवतो. दारात ताजी मासळी असताना तो बाजारात पैसे देऊन जेवला, तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. बायकांनी आपापसात वाटणी केली. चार इकडे, तीन तिकडे, आणि पाच खुद्द इनासकाकांच्या घरी. इजाबाय, म्हणजे त्यांची बायको, दारात उभी होती. तिने पाच माणसं मोजली, नवऱ्याकडे एकदा बघितलं, आणि आत जाऊन आणखी तांदूळ काढले. मी तिला हळूच म्हटलं, "इजाबाय, बाजारात रघुनानांनी बारा माणसांचं रांधलंय हो!"

"ठाव हाय," ती म्हणाली. "पन ह्यांना आता कोन सांगनार? सांगितलं तर पाहुन्यांच्या समोर सांगावं लागंल."

दुपारी चार वाजता बारा माणसं पोटावरून हात फिरवत परत आली. सायकलींचं भाडं काकांनी घेतलं नाही. का, तर पहिल्यांदाच आली होती. बँकवाल्यांनी रघुनानांच्या पाटीखाली उभं राहून ग्रुप फोटो काढला. आत बारा पानं मांडलेली तशीच. रघुनाना बाहेर आले, इनासकाकांच्या समोर उभे राहिले, आणि काहीच बोलले नाहीत. पुढचे आठ दिवस ते बोलले नाहीत. मालवणी माणूस आठ दिवस गप्प राहिला म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय ते ओळखावं.

मग बाजाराची बैठक झाली. ठराव काय? तर पाहुण्यांकडून पैसे घेण्यात यावेत. असा ठराव करावा लागणारी बाजारपेठ महाराष्ट्रात दुसरी असेल असं मला वाटत नाही. सर्वांनी हात वर केले. इनासकाकांनी दोन्ही वर केले. ठरावाची अंमलबजावणी त्यांच्यावरच सोपवली. इथेच चुकलं असं म्हणता आलं असतं, पण पुढच्या खेपेला ठराव मोडणारे ते नव्हते.

पुढच्या रविवारी गिरगावातलं एक म्हातारं जोडपं आलं, नातवंडांना घेऊन. या खेपेला त्यांना पाचूबंदरकडे फिरकू दिलं नाही. सरळ रघुनानांच्या खानावळीत. नाना वाढता वाढता सहज विचारते झाले, गाव कोणतं? म्हातारा म्हणाला, मूळचे आम्ही देवगडकडचे. नानांच्या हातातली पळी थांबली. कुठली वाडी? वाडी निघाली नानांच्या आईच्या माहेरची. आता आईच्या माहेरच्या माणसाकडून जेवणाचे पैसे घ्यायचे? नानांनी घेतले नाहीत, वर सोलकढी बांधून दिली. सुकेळीवाल्या बाईने नातवंडांच्या हातात एकेक पुडी ठेवली, चव बघायला. त्यांच्या आजीच्या अंबाड्यात फुलवालीने गजरा माळला. आवळा देऊन कोहळा काढायची जगाची रीत. आमचा बाजार कोहळा देत होता आणि वर विचारत होता, पिशवी आणलीय का?

लोकांना ही बातमी कळायला वेळ लागला नाही. दर रविवारी माणसं यायला लागली. बँकेतले ते बारा जण पुन्हा आले, या वेळी बायकामुलांसकट, आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, रिकाम्या पिशव्या घेऊन. पर्यटन वाढत होतं आणि बाजार आणखी बसत होता. सुकेळीवाली बाई म्हणाली, रविवारी मी आता येत नाही, परवडत नाही.

मी शेवटी चिडले. एका दुपारी खिडकी बंद करून समोर गेले आणि इनासकाकांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, नाताळ दोन महिन्यांवर आलाय. विन्सेंट येईल. तुम्हाला गिऱ्हाईक आणि पाहुणा यातला फरक कळतो की नाही?

ते पंक्चर शोधत ट्यूब पाण्यात दाबत होते. बुडबुडे आले, तिथे त्यांनी खूण केली. मग म्हणाले, "कलतो बाय. ज्याचं नाव आपन विचारीत नाय तो गिऱ्हाईक. नाव विचारलं का तो पाहुना झाला. आता तुमीच सांगा, मानूस दारात आला आनि नाव विचारायचं नाय, मंजे काय?"

मी तणतणत खिडकीवर परत गेले. त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो.

नाताळ आला, विन्सेंट आला. बापाने स्वतःच सांगितलं, "मी हरलो." कटकट नाही, रडारड नाही. कागदावर सही केली. बिल्डरची अट होती की अर्धे फ्लॅट बुक झाले की दुकान पाडायचं, तोपर्यंत बसा खुशाल. दुकानाच्या कपाळावर मोठा बोर्ड लागला. इमारतीचं नाव 'फोर्ट व्ह्यू'. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर शिडी लावून चढलं असतं तरी तिथून किल्ला दिसला नसता. रंगीत पत्रकं छापली गेली, 'ऐतिहासिक किल्ल्याच्या कुशीत'. किल्ल्याचा फोटो इनासकाकांच्याच भिंतीवरून उतरवून नेला होता.

त्यानंतर जे झालं ते बघून हसावं की रडावं कळेना. दर रविवारी बिल्डरच्या बसगाड्या यायला लागल्या. दादर, परळ, भांडुपची कुटुंबं, फ्लॅट बघायला. एका वेळी साठ-सत्तर माणसं! बाजारात पाय ठेवायला जागा नाही. रघुनानांना बिल्डरने जेवणाचं कंत्राट दिलं, त्यामुळे गाव विचारायचा प्रश्नच उरला नाही. सुकेळीवाली परतली. बंद पडलेलं साडीचं दुकान रविवारपुरतं उघडलं. इनासकाका वर्षभर पोस्टकार्डं लिहून जे मागत होते, ते बिल्डरने एका पत्रकात आणून दाखवलं. फक्त त्यासाठी इनासकाकांचं दुकान जाणार होतं.

आणि हा माणूस खूश! "बघा बाय, बोललो होतो ना? येनारा पायजे, बाकी वसईला काय कमी हाय?" बिल्डरचा सेल्समन टाय लावून नमुन्याचा फ्लॅट दाखवायचा, आणि ते संपलं की इनासकाका लोकांना सायकलींवर घालून किल्ल्याकडे न्यायचे. चौदाच्या चौदा सायकली बाहेर. बुकिंग भराभर होत होतं. अर्ध्याला दोन-तीन फ्लॅट कमी होते. मी रविवारी मुद्दाम येऊन बघायची आणि माझा जीव खाली-वर व्हायचा. आमच्या बाजाराची भरभराट मला तेव्हा अजिबात सहन होत नव्हती.

त्या रविवारी मी तिथेच होते. परळची एक बाई, कडेवर मूल, नवरा गिरणीतला. गिरणी बंद झालेली, हातात आलेले पैसे घरात घालायचे म्हणून आलेले. सेल्समन म्हणाला होता, पाणी चोवीस तास. बाई शहाणी. ती बाहेर आली आणि सायकली काढत असलेल्या इनासकाकांना विचारती झाली, "काका, तुम्ही इथलेच ना? पाणी कसं आहे हो?"

सेल्समन दोन हात अंतरावर उभा होता. विन्सेंटही सुट्टीवर आलेला, तोही होता. काकांनी पंप खाली ठेवला.

"नाव काय बाय तुमचं?"

"सुमन."

"सुमनबाय, पानी दिवसाआड येतं. उन्हाल्यात तेपन नाय. टँकर. लहान पोर हाय तुमचं, म्हून सांगतो. विहीर असंल तिथं बगा."

ते हळू बोलले नाहीत. त्यांना हळू बोलता यायचंच नाही. बाईच्या मागे उभी असलेली दहा-पंधरा माणसं एकदम बोलायला लागली. सेल्समनचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. त्या रविवारी एकही बुकिंग झालं नाही, पुढच्या रविवारी आधीची बुकिंगं परत मागायला माणसं आली. मग बसगाड्या थांबल्या. दोन महिन्यांत बिल्डरने बोर्ड उतरवला आणि तो स्टेशनकडे निघून गेला. तिथेही पाणी दिवसाआडच येत होतं, पण तिथे विचारलं तर सांगणारा कोणी नव्हता.

दुकान वाचलं. मला इतका आनंद झाला की मी पेढे घेऊन समोर गेले. म्हटलं, काका, काय डोकं लढवलंत! मानलं तुम्हाला.

ते माझ्याकडे असे बघत राहिले की माझा हात पेढ्यासकट तसाच राहिला. "डोकं? बाय, ती बाई इचारत होती. मी काय खोटं सांगनार होतो? दुकानासाठी सांगितलं असं वाटलं तुमाला?"

नऊ वर्षांत ते माझ्यावर तेवढे एकदाच रागावले. मला माझीच लाज वाटली. कारण मी तेच समजले होते, आणि तसं समजून मला ते आवडलेही होते.

पेढा त्यांनी खाल्ला नाही. बाजार पुन्हा रिकामा झाला होता आणि त्याचं खापर ते स्वतःवर फोडत होते. पावसाळ्याआधी रघुनानांनी खानावळ बंद केली आणि ते गावी गेले. निघायच्या दिवशी दोघे दोस्त दुकानाच्या पायरीवर बसले होते. नाना म्हणाले, "इनास, तू धंदो करू नको रे बाबा. करशील तर तुझ्या वाटेक जाणारो गाव बुडतलो." दोघेही हसले. मग इनासकाका रडले. मी खिडकीतून बघत होते, आणि माझ्या पुढ्यात मनीऑर्डर घेऊन उभा असलेला माणूसही वळून तिकडेच बघत होता.

विन्सेंटने पुन्हा दुकानाचा विषय काढला नाही. माझी पुढे बदली झाली, आधी पालघर, मग ठाणे. मनवेलपाड्यातला फ्लॅट विकून आम्ही ठाण्याला गेलो. पोस्टकार्ड टाकायचं राहून गेलं. मी पोस्टातली बाई, तरी राहून गेलं.

सात वर्षांनी एका लग्नासाठी वसईला आले होते. लग्न स्टेशनजवळच्या हॉलमध्ये. जेवणाला वेळ होता म्हणून रिक्षा करून जुन्या बाजारात गेले. पोस्ट तिथेच, रंग बदललेला. दोन्ही बाजूंना इमारती, आणि मध्ये चिमटीत धरल्यासारखं दुकान. सायकल एकही नव्हती. सायकल भाड्याने घेणार कोण आता? शाळेतली मुलंसुद्धा स्कूटीवर. आत दोन खुर्च्या मांडलेल्या आणि एकीवर इनासकाका. पार वाळलेले. डोळ्यांवर जाड भिंगं.

मी समोर जाऊन उभी राहिले. ओळखतील म्हणून हसले. त्यांनी मान वर केली, बराच वेळ बघितलं, आणि चेहरा उजळला.

"कुठून आलात, बाय?"

मी म्हणणार होते, काका, मी, पोस्टातली. शब्द ओठावर आला होता. पण ते खुर्चीतून उठायला लागले होते, दाराचा आधार घेत, मी परत जाईन या भीतीने घाईघाईने. बाजारात बऱ्याच दिवसांत कोणी आलं नसावं.

"ठाण्याहून," मी म्हटलं.

"किल्ला बघितला?"

"नाही. पहिल्यांदाच आलेय."

किल्ल्यापर्यंत चालवणार नव्हतं त्यांना. आम्ही रिक्षा केली, आणि पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. मी पडक्या चर्चमध्ये उभी राहून सगळं ऐकलं. पाद्री आता दोन हजार झाले होते. मराठे तटावर चढले तेव्हा मी योग्य ठिकाणी आश्चर्य व्यक्त केलं. परत फिरताना त्यांनी रिक्षा पाचूबंदरकडे वळवायला सांगितली. लग्नाचं जेवण बुडालं हे मी मनातल्या मनात मान्य करून टाकलं.

इजाबाय दारातच मासळी साफ करत बसली होती. तिने मान वर केली आणि मला ओळखलं. पहिल्या नजरेतच ओळखलं, सुरी हातात तशीच राहिली. तेवढ्यात काका माझ्या मागून ओरडले, "पाहुनी हाय! ठान्याची. पयल्यांदाच आली वसईला!"

इजाबायने माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं. ते उंबऱ्यावर हात टेकून उभे होते, दम लागलेला, आणि तोंडभर हसत होते.

"बरं झालं," ती म्हणाली. "या बाय. नाव काय तुमचं?"

मी नाव सांगितलं. ते तिने नीट ऐकून घेतलं, जसं काही आजच ऐकतेय. हात धुऊन ती आत गेली, तांब्या भरून आणला. तो माझ्या हातात देताना तिने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.